सामाईक बंबाची चावी

कुणी आत्ता भाकरी थापत असाल, कुणी शेंगा फोडत असाल, कुणाची गोठ्यात धार चालली असेल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे असू द्या. आज आपण गरम पाण्याबद्दल बोलू. म्हणजे पाणी तापवणाऱ्या उष्णतेबद्दल. ती कुठून येते, तिच्यासाठी कोण राबतं, आणि दहा-वीस घरांनी मिळून ती एका जागी तयार करून वाटून घेता येते का, याबद्दल.

आधी आपल्याच घरचा हिशेब मांडू. पाच माणसांचं घर धरा. माणशी वीस लिटर, म्हणजे एक मोठी बादली. असं आंघोळीचं शंभर लिटर पाणी झालं. थंडीत सकाळी पाणी वीस अंशांच्या आसपास असतं, अंगावर घ्यायला ते चाळीस अंश तरी लागतं. एवढं पाणी तापवायला विजेच्या मापात सव्वादोन युनिट उष्णता लागते. आता हीच उष्णता तीन दगडांच्या चुलीतून काढायची म्हटली तर काय होतं? लाकडात जेवढी उष्णता असते, तिच्यातली दहा-पंधरा टक्केच हंड्याला लागते. बाकीची धुरातून, भिंतीतून, आजूबाजूच्या हवेत निघून जाते. म्हणजे रोज चार-पाच किलो वाळलेलं सरपण. महिन्याला सव्वा ते दीड क्विंटल.

घरात गॅस आला हे खरं. पण आमच्या गटांतल्या बहुतेक घरांत टाकी स्वयंपाकाला राखून ठेवतात, आंघोळीचं पाणी चुलीवरच तापतं. ते सरपण कोण आणतं, कोण फोडतं, पहाटे धुरात कोण बसतं, हे तुम्हाला सांगायला नको. पाणी तापलं का, असं घरातला प्रत्येक माणूस विचारतो. कशावर तापलं, हे कुणी विचारत नाही. ते आज आपण विचारू.

आता ‘सामाईक उष्णता’ म्हणजे काय ते बघू. साखर कारखाना आपल्यापैकी पुष्कळ जणींनी आतून पाहिला असेल. तिथं प्रत्येक कढईखाली वेगळा जाळ नसतो. एका बॉयलरमध्ये उसाची चिपाडं जळतात, त्याची वाफ होते, आणि ती वाफ पाइपांतून जिथं लागेल तिथं जाते. त्याच वाफेवर वीजही तयार होते. शिर्डीला साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात दुसरा प्रकार आहे. तिथं गच्चीवर ७३ मोठ्या सौर तबकड्या बसवल्या आहेत. त्या ऊन एकवटून पाण्याची वाफ करतात आणि ती वाफ खाली स्वयंपाकघरात पाइपानं येते. जाळ एका जागी, वापर अनेक जागी, मधे पाइप. एवढंच मनात धरा. हीच गोष्ट कारखान्यात किंवा देवस्थानात न करता घरांच्या वस्तीसाठी केली, की त्याला उष्णतेचं जाळं म्हणतात. आणि ती उष्णता ऊन, शेतातला काडीकचरा किंवा जमिनीची ऊब यांच्यातून घेतली, कोळसा-तेल जाळलं नाही, की हवेत जाणारा कार्बन कमी होतो.

थंड देशांत याची गरज मोठी. तिथं नुसतं आंघोळीचं पाणी तापवून भागत नाही, सहा-सात महिने सगळं घर उबदार ठेवावं लागतं. डेन्मार्क नावाचा छोटा देश यात फार पुढं गेला आहे. तिथं दर तीन घरांतली जवळजवळ दोन घरं अशा सामाईक पाइपातून ऊब घेतात. हे काही कालपरवा झालं नाही. कोपनहेगन शहराला लागून फ्रेडरिक्सबर्ग नावाची नगरपालिका आहे. तिनं १९०३ साली कचरा जाळायचा कारखाना काढला आणि त्याच्या वाफेवर जवळचं रुग्णालय, अनाथ मुलांचं घर आणि गरिबांचं वसतिस्थान उबदार ठेवायला सुरुवात केली. म्हणजे पहिली ऊब गेली ती आजाऱ्यांकडे, पोरक्या मुलांकडे आणि ज्यांना छप्पर नव्हतं त्यांच्याकडे. हे वाचून आम्हाला बरं वाटलं.

पण खरी धावपळ झाली ती १९७३ नंतर. त्या साली जगभर तेलाचे भाव भडकले. डेन्मार्कची घरं तेव्हा बाहेरून आणलेल्या तेलावर तापत होती. तेल वाचवायला तिथं रविवारी मोटारी रस्त्यावर आणायलाच बंदी घातली होती. मग १९७९ साली त्यांनी घरांच्या उष्णतेसाठी स्वतंत्र कायदा केला. कुठल्या भागात उष्णतेचा पाइप जाईल, कुठं दुसरी सोय होईल, याचा आराखडा गावागावांच्या पालिकांनी करायचा असं ठरलं. आणि त्यांचं आणखी एक तत्त्व आहे, ते आपल्या गटांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. उष्णता विकून नफा काढायचा नाही. जेवढा खर्च येतो तेवढाच लोकांकडून घ्यायचा. जास्त जमा झाले तर पुढच्या वर्षीच्या दरात ते परत वळते करायचे. कमी पडले तर दर वाढवायचा. ना नफा, ना तोटा.

पाइपातलं पाणी तिथं थेट नळाला येत नाही, हेही सांगायला हवं. जमिनीखालून दोन पाइप जातात, एक जाणारा आणि एक परत येणारा. गरम पाणी घरापर्यंत येतं, आपली ऊब घरातल्या पाण्याला देतं आणि थंड होऊन परत जातं. आपण बाळाचं दूध कोमट करायला वाटी गरम पाण्यात ठेवतो ना, तसंच. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाही, ऊब तेवढी इकडून तिकडे जाते. प्रत्येक घराला मीटर असतो. बिलात दोन भाग असतात. एक ठरावीक, घराच्या आकाराप्रमाणे. दुसरा, जेवढी ऊब वापरली तिच्याप्रमाणे.

याच देशात एरो नावाचं बेट आहे आणि त्याच्यावर मार्स्टल नावाचं गाव. वस्ती साधारण दोन हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम गावाएवढी. तिथली उष्णतेची संस्था वापरणाऱ्यांच्याच मालकीची आहे, आपल्या दूध सोसायटीसारखी. त्या संस्थेनं १९९६ सालापासून सौर पत्रे बसवायला सुरुवात केली. एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं. २०१२ पर्यंत ते ३३ हजार चौरस मीटरच्या वर गेले, म्हणजे आठ एकरांहून जास्त. पण त्यांची अडचण अशी, की ऊन पडतं उन्हाळ्यात आणि ऊब लागते हिवाळ्यात. हिवाळ्यात तिथं सूर्य जेमतेम दिसतो. मग त्यांनी काय केलं? आपण शेततळं करतो तसा मोठा खड्डा काढला, आत प्लास्टिकचं अस्तर घातलं, त्यात ७५ हजार घनमीटर पाणी भरलं आणि वर तरंगतं जाड झाकण घातलं. उन्हाळाभर ते पाणी तापवायचं आणि पुढं थंडीत वापरायचं. वर्षभरात लागणाऱ्या उष्णतेतला मोठा वाटा उन्हातून येतो. बाकीसाठी लाकडाचा चुरा जाळणारा बॉयलर आणि विजेवरचा उष्णता-पंप आहे. सामसो नावाच्या दुसऱ्या एका बेटावर काही वस्त्यांना गव्हाच्या काडाचे गठ्ठे जाळून ऊब देतात. ते काड तिथल्याच शेतकऱ्यांचं.

आता दुसरी गोष्ट ऐका. ही कॅनडा देशातली आहे आणि ती खास नव्या घरांच्या वसाहतीची आहे. अल्बर्टा प्रांतात ओकोटोक्स नावाचं गाव आहे. थंडीत तिथं पारा शून्याच्या खाली वीस-तीस अंशांपर्यंत उतरतो. तिथं ड्रेक लँडिंग नावाची ५२ घरांची नवी वसाहत झाली. घरं बांधतानाच सामाईक उष्णतेची सोय केली आणि २००७ साली ती सुरू झाली. घरांच्या मागं मोटारी ठेवायच्या शेड होत्या, त्यांच्या छपरांवर जवळजवळ ८०० सौर पत्रे बसवले. उन्हाळ्यातली उष्णता साठवायला त्यांनी तळं केलं नाही, बोअर मारले. एकमेकांजवळ १४४ बोअर, प्रत्येक सुमारे ३५ मीटर खोल. त्यांतून पाणी वर काढायचं नव्हतं. गरम पाणी पाइपानं खाली फिरवून जमीनच तापवायची होती. उन्हाळा संपेपर्यंत ती जमीन ऐंशी अंशांपर्यंत तापायची आणि थंडीत तीच ऊब उलटी घरांत घ्यायची. पाच वर्षांत असं झालं, की घरं उबदार ठेवायला लागणाऱ्या उष्णतेतली नव्वद टक्क्यांहून जास्त उन्हातून यायला लागली. २०१५-१६ च्या हिवाळ्यात तर शंभर टक्के. जगभरातून लोक बघायला येत.

आणि २०२४ साली ते बंद करायचं ठरलं. घरांना पुन्हा गॅसच्या भट्ट्या बसवायची वेळ आली.

का? ऊन कमी पडलं का? नाही. जमीन तापेना का? तसंही नाही. यंत्रं जुनी झाली, सुटे भाग मिळेनात, आणि ती यंत्रणा समजणारी, दुरुस्त करणारी माणसं मिळेनात. तसलं दुसरं काम आसपास कुठंच नव्हतं. मग भाग कोण बनवणार आणि शिकून कोण तयार होणार? सतरा वर्षं उत्तम चाललेली वस्तू दुरुस्तीवाचून गेली.

मैत्रिणींनो, या दोन गोष्टी शेजारी ठेवून आम्ही ग्रामसंघाच्या दोन बैठकांत बोललो. एक चालू आहे, एक थांबली. फरक कशात आहे? हुशारी दोन्हीकडे होती. पैसाही दोन्हीकडे लागला. आम्हाला दिसले ते फरक दोन.

पहिला फरक मालकीचा. मार्स्टलमध्ये वर्षातून एकदा वापरणाऱ्यांची सभा होते. हिशेब तिथंच वाचला जातो आणि संचालक त्यांच्यातलेच निवडले जातात. ड्रेक लँडिंगमध्ये यंत्रणा चालवणारी कंपनी होती. तिच्यात वसाहत बांधणारे होते, गॅस-विजेचा व्यवसाय करणारी कंपनी होती, नगरपालिका होती. ५२ घरांतली माणसं बिल भरणारी होती, चालवणारी नव्हती. त्यांची स्वतःची संस्था असती तर यंत्रणा वाचलीच असती असं आम्ही म्हणत नाही. सुटा भाग मालकालाही मिळाला नसता. पण मालकाला दहा वर्षं आधी प्रश्न पडला असता, की हा पंप गेला तर पुढचा कुठून आणायचा?

दुसरा फरक एकटेपणाचा. डेन्मार्कमध्ये अशी शेकडो जाळी आहेत. एका गावचा मिस्त्री दुसऱ्या गावी उपयोगी पडतो. पाइप, मीटर, पंप बाजारात मिळतात. ड्रेक लँडिंग आपल्या भागात एकटंच होतं. आपण म्हशी घेताना काय बघतो? गावात डॉक्टर येतो का, चारा कुठला, डेअरीची गाडी येते का. नुसतं दूध किती देते एवढ्यावर कुणी म्हैस घेत नाही. तसंच हे.

आता हे सगळं आम्ही का शोधत बसलो ते सांगतो. आमच्याकडे गावठाणाच्या कडेला २४ घरकुलांची ओळ होते आहे. बारा इकडे, बारा तिकडे, मधे रस्ता. काही पाये भरले आहेत. रस्ता अजून मातीचा आहे, काँक्रीट पावसाळ्यानंतर होणार. या २४ घरांत आमच्या तीन गटांतल्या बाया राहायला जाणार आहेत. वर जो हिशेब केला तो या ओळीला लावला, तर थंडीच्या एका महिन्यात तीन टनांच्या वर सरपण नुसत्या आंघोळीला लागेल. तेवढं सरपण आता आमच्या शिवारात राहिलेलं नाही. बांधावरच्या बाभळी गेल्या. म्हणून काही जणींचं म्हणणं पडलं, की या ओळीला मिळून सोलर बंब करू. काही जणी म्हणाल्या, सामाईक म्हणजे कुणाचंच नाही, ज्याचा त्याचा बंब बरा. दोन्ही बाजू आम्ही वहीत लिहून घेतल्या, आणि मग एकेक मुद्दा तपासला.

पहिला मुद्दा, आपली गरज त्यांच्यापेक्षा किती सोपी आहे. आपल्याला घर तापवायचं नाही. आणि आपल्याकडे थंडीत ऊन स्वच्छ पडतं, ऊन हरवतं ते पावसाळ्यात. म्हणजे ज्या महिन्यांत ऊब जास्त लागते त्याच महिन्यांत ऊनही आहे. मार्स्टलसारखं वर्षभर साठवायचं तळं नको, १४४ बोअर नकोत. आज दुपारचं ऊन उद्या सकाळपर्यंत टिकलं की झालं. जाड आवरणाची साधी टाकी ते करते. पावसाळ्यातले ढगाळ दिवस मात्र सोलरवर निघणार नाहीत, तेव्हा दुसरी सोय हाताशी ठेवावीच लागेल. हे आधीच सांगितलेलं बरं.

दुसरा मुद्दा, एकत्र केल्यानं खरंच काही वाचतं का. कपातला चहा लवकर निवतो, पातेल्यातला उशिरा. टाकीचंही तसंच आहे. शंभर लिटरच्या दहा टाक्यांपेक्षा हजार लिटरच्या एकाच टाकीतून निम्म्याहून कमी ऊब बाहेर जाते, कारण तिची बाहेरची बाजू पाण्याच्या मानानं कमी असते. शिवाय एका घरी पाहुणे आले आणि दुसरं घर जत्रेला गेलं, तर पाणी आपोआप इकडचं तिकडं वापरता येतं.

तिसरा मुद्दा उलट बाजूचा. टाकीत वाचवलेली ऊब पाइपात जाऊ शकते. शेवटच्या घरापर्यंत लांब पाइप असला, तर सकाळी तोटी उघडल्यावर आधी पाइपातलं निवलेलं पाणी येतं. मग ती बाई कोमट येईपर्यंत बादलीभर पाणी सोडून देते. दुष्काळी गावात हे कसं चालेल? म्हणून डेन्मार्कमध्येही जिथं घरं दाटीनं आहेत तिथंच सामाईक पाइप घालतात. शेतात लांब लांब असलेल्या घरांना वेगळी सोय करतात. आपल्याकडे मळ्यातल्या वस्तीला सामाईक बंब सुचवणाऱ्याला तुम्ही सरळ नाही म्हणा.

चौथा मुद्दा पाइपाचा. साधा पांढरा पीव्हीसी पाइप गरम पाण्याला चालत नाही, मऊ पडतो. गरम पाण्याला सीपीव्हीसी किंवा तसाच टिकणारा पाइप आणि त्याच्यावर ऊब धरणारं आवरण पाहिजे. उन्हाळ्यात सोलरचं पाणी सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत जाऊ शकतं, त्यानं लेकराचा हात भाजेल. म्हणून न्हाणीत गार पाण्याची तोटी शेजारीच हवी, आणि बादलीत आधी गार, मग गरम, ही सवय. टाकीतलं पाणी दिवसेंदिवस नुसतं कोमट ठेवू नये. कोमट साठवणीत रोगजंतू वाढतात. ढगाळ दिवसांनंतर टाकी साठ अंशांच्या वर चांगली तापू द्यावी. आणि बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर नळ्यांत खर बसते, वर्षातून एकदा तरी साफ करावी लागते. कोण करणार ते आधी ठरवायचं.

पाचवा मुद्दा, आणि हाच घाईचा. जमिनीखालचा पाइप रस्ता होण्याआधी घातला तर एका चराचं काम आहे. काँक्रीट झाल्यावर तेच काम रस्ता फोडून करावं लागतं, आणि मग ते कुणीच करत नाही. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडे गावंच्या गावं नव्या जागी वसली. जुन्या गावापेक्षा ती कितीतरी मोठ्या जागेवर पसरली. घरं कुठं, रस्ता कुठं, हे एकदा आखलं गेलं की पुढच्या दोन पिढ्यांच्या बायांचं चालणं आणि वाहणं ठरून जातं. म्हणून नकाशा टेबलावर असतो तेव्हाच बाईनं तिथं असायला पाहिजे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पैशाच्या मुद्द्यावर. ओळीत एक घर आठ माणसांचं आहे. एका घरात एकट्या आजी राहणार आहेत. दोघांना सारखी वर्गणी कशी? आजींनी कमी द्यावी, तर टाकीला गळती लागल्यावर दुरुस्तीचा वाटाही कमी का? इथं डेन्मार्कच्या बिलाचे दोन भाग कामाला आले. एक ठरावीक वाटा, देखभालीचा, प्रत्येक घराचा सारखा आणि लहान. दुसरा, वापराप्रमाणे. मीटर नको असेल तर माणसं मोजून. आजींना हे पटलं. त्या म्हणाल्या, “माझ्या एका बादलीचं मी देईन, पण टाकी माझीही आहे, तेव्हा सभेला माझं मत पूर्ण एक धरा.” ते वाक्य आम्ही ठरावाच्या वहीत जसंच्या तसं घेतलं.

मग वाद सुटला का? अर्धा सुटला. चोवीस घरांना एकच बंब हे आम्ही सोडून दिलं. पाइप लांब पडतो, आणि एक व्हॉल्व्ह बिघडला तर चोवीस घरं थंड पाण्यानं आंघोळ करतात. त्याऐवजी समोरची दोन आणि शेजारची दोन अशा चार-चार घरांना एक, असे सहा बंब सुचवले. प्रत्येक चारशे लिटरचा. तालुक्याच्या गावी जो मिस्त्री घरगुती सोलर बंब बसवतो आणि दुरुस्त करतो, त्यालाच जमेल असा. कुणी काही नवलाचं दाखवलं तरी जे बाजारात सगळीकडे मिळतं तेच घ्यायचं. टाकी मोठी झाल्यावर जितकी ऊब वाचते तितकी इथं वाचणार नाही, पण चार बाया समोरासमोर बसून भांडण मिटवू शकतात. चोवीस घरांचं भांडण ग्रामपंचायतीत जातं. सहाही बंब एकाच प्रकारचे असतील, म्हणजे एकाचा भाग दुसऱ्याला लागेल आणि एक पंप, दोन-चार नळ्या शिलकीत ठेवता येतील.

ज्या दोन घरांनी सामाईक नको म्हटलं, त्यांना आम्ही आग्रह केला नाही. फक्त त्यांच्या दारापर्यंत पाइपाचं तोंड काढून बंद करून ठेवायचं, पुढं मन झालं तर जोडता येईल, एवढं त्यांनी मान्य केलं.

ग्रामसभेपुढं आमच्या चार अटी जाणार आहेत. काँक्रीटच्या आधी चर खोदायला वेळ द्यावा. बंब कुणाच्याही पैशातून आले तरी नोंद त्या त्या चार घरांच्या नावावर व्हावी. देखभालीचा पैसा पहिल्या महिन्यापासून वेगळ्या खात्यात पडावा, बिघाड झाल्यावर गोळा करायला निघायचं नाही. आणि ओळीतल्या दोघींना तरी व्हॉल्व्ह बंद करणं, खर काढणं, गळती ओळखणं शिकवावं. या अटी मान्य झाल्या नाहीत, तर आम्ही सामाईक बंबाचा हट्ट धरणार नाही, ज्याचा त्याचा करू. फुकट मिळतंय म्हणून घ्यायचं आणि दोन वर्षांनी त्याच्यावर कपडे वाळत घालायचे, हे आपण पुष्कळ ठिकाणी पाहिलं आहे.

तुमच्या गावातही नवी घरकुलं होत असतील, पुनर्वसनाचं गावठाण होत असेल, किंवा एखादी सामाईक योजना येत असेल. ती गरम पाण्याची असेल, पिण्याच्या पाण्याची असेल, सौर पंपाची असेल. तुमच्या पुढच्या बैठकीत हे पाच प्रश्न विचारा. वही जवळ असेल तर लिहून घ्या.

ही वस्तू कुणाच्या नावावर असणार?

बिघडली तर दुरुस्त करणारा माणूस किती कोसांवर आहे?

तिचा सुटा भाग दहा वर्षांनी मिळेल का?

देखभालीचा पैसा आजपासून कुठल्या खात्यात पडणार?

आणि शेवटचा, खोलीची चावी कुणाच्या कमरेला असणार?

पाचही प्रश्नांना नाव-गाव असलेलं उत्तर मिळालं, तर पुढं जा. “बघू, होईल, साहेब करतील” असं उत्तर आलं, तर तिथंच थांबा आणि पुन्हा विचारा. गटात आपण रोज हेच करतो. कर्ज कुणाला, कशासाठी, परतफेड कधी, हे विचारल्याशिवाय आपण एक रुपया पेटीतून काढत नाही. तीच सवय पाइपाला आणि टाकीला लावायची आहे.

पुढच्या वेळी, ज्या गटांनी घरी सोलर बंब बसवले आहेत त्यांच्या ताया आपल्याशी बोलतील. नळ्या फुटल्या, खर बसली, हप्ते फिटले, सगळं सांगणार आहेत. तुमचे प्रश्न तुमच्या गटाच्या सहयोगिनीकडे लिहून द्या. आता कामं आटपा, आणि उन्हं उतरायच्या आत वाळवणं आत घ्या. नमस्कार.